चौथा बुश

१

आमच्या कारखान्यात पितळी बुश बनतात. बुश म्हणजे पाण्याच्या पंपातल्या दांड्याभोवती बसणारं जाड कडं. त्याचा बाहेरचा व्यास चोवीस मिलिमीटर म्हणजे चोवीसच हवा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. आठ-दहा मायक्रॉन इकडेतिकडे चालतात, त्यापुढे गेलं की पंप कुरकुरतो आणि मग गिऱ्हाईकही कुरकुरतं.

माझं नाव हरेश्वर. घर बोर्ली पंचतनला, पण आठवडाभर तळा गावात खोली घेऊन राहतो, कारण कारखाना तिथून जवळ आहे. हुद्दा गुणवत्ता अधिकारी. पोरं मागून 'ठिपके सर' म्हणतात आणि मला ऐकू जात नाही असं समजतात.

नाव खोटं नाही. दर तासाला यंत्रावरून पाच बुश उचलायचे, मोजमापाच्या खोलीत न्यायचे, मायक्रोमीटरने मोजून पाच आकडे तक्त्यावर लिहायचे आणि त्यांच्या सरासरीचा एक ठिपका खालच्या आलेखावर द्यायचा. आलेखावर तीन रेषा असतात: एक मधली, एक वरची हद्द, एक खालची. ठिपका हद्दीबाहेर गेला तर तो शिपायालाही दिसतो, त्यासाठी मला पगार देत नाहीत. मला पगार आहे तो हद्दीच्या आतलं बघायला. सलग सात ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आले, किंवा सात ठिपके पायरी चढल्यासारखे चढत गेले, की यंत्रात काहीतरी बिघडायला लागलंय असं समजायचं. आणि सगळे ठिपके मधल्या रेषेला चिकटून बसले तर माणसात बिघडलंय. यंत्र इतकं शहाणं कधीच वागत नाही. कुणीतरी न मोजता, चहा पिता पिता आकडे भरलेत. आमच्याकडे त्यांना 'चहाचे आकडे' म्हणतात आणि त्यावर माणूस घरी जातो.

सत्तावीस वर्षं हे केल्यावर एक खोड लागली. तक्ता कुणी भरलाय ते मला नाव न वाचता कळतं. मोजणारे चार जण. दिनानाथ सगळ्यात जुना, तो मायक्रोमीटर आवळतो, त्याचे आकडे तीन मायक्रॉन कमी येतात. जागृतीला सम आकडे आवडतात. शुभम जेवणाआधी घाई करतो. आणि प्रणाली, तळ्याजवळच्या वाडीतली, तेवीस वर्षांची, ती बुश मोजण्याआधी मुठीत धरून ठेवते. हाताच्या उबेने पितळ फुगतं, तिचे आकडे दोन मायक्रॉन जास्त येतात. याला मी 'हात' म्हणतो. प्रत्येक आकड्यात थोडा बुश असतो आणि थोडा मोजणाऱ्याचा हात. माझं निम्मं आयुष्य लोकांचा हात त्यांच्या आकड्यांतून काढून टाकण्यात गेलंय. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो, हात सैल सोड, तू मधे येऊ नकोस, बुशला बोलू दे.

२

गौरी-गणपतीची सुट्टी संपून कारखाना सुरू झाला, त्या आठवड्याचे तक्ते घेऊन मी शनिवारी दुपारी बसलो होतो. प्रणालीचे चाळीस नमुने होते. सवयीने मी रकान्यांच्या सरासऱ्या काढल्या. पहिला रकाना दोन मायक्रॉन जास्त, दुसरा दोन, तिसरा दोन, पाचवा दोन. चौथा शून्य.

मी परत बेरीज केली. माझं गणित चुकत नाही, पण सुट्टीत उकडीचे मोदक जास्त झाले होते, तेव्हा परत केली. चौथा शून्यच. चाळीस वेळा तिने पाच-पाच बुश हातात घेतले होते आणि चाळीसही वेळा चौथ्यात तिचा हात नव्हता.

याचा अर्थ मला सरळ दिसला. पोरगी चारच बुश मोजते आणि एक आकडा मनाने ठोकते. कंटाळ्याचं काम आहे, माणूस असं करतो. तिला बोलावून घेतलं. ती आली, ओढणीला हात पुसत उभी राहिली. मी तक्ता पुढे सरकवला आणि चौथ्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.

"सर, मोजलेत मी," ती म्हणाली. "चहाचे न्हायत."

मी म्हटलं, खरं सांगितलंस तर माझ्या टेबलावरच मिटेल. ती परत तेच म्हणाली. मग मी आवाज चढवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलणं बदललं नाही. प्रणालीचं कंत्राट तीस नोव्हेंबरला संपत होतं. तीन वर्षांच्या कंत्राटानंतर कायम करतात किंवा सोडून देतात. घरी वडील, अंबाजी, दोन वर्षांपूर्वी आंब्यावरून पडून कमरेतून बसलेले. धाकटी बहीण आठवीत. आई मनुबाई थोडं शेत आणि थोडा भाजीबाजार बघते. घर चालतं ते प्रणालीच्या पगारावर. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून मी वर कळवलं नाही आणि सोमवारी स्वतः लक्ष ठेवायचं ठरवलं.

३

मोजमापाची खोली कारखान्याच्या आत काचेची खोली आहे. वातानुकूलित, वीस अंशांवर. मधे काळ्या दगडाचं टेबल, एक खुर्ची, बाजूला एक फार बारीक मोजणारं मोठं यंत्र, ज्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. बाहेर यंत्रांचा गोंगाट असतो, दार लावलं की आत काहीच नसतं.

मायक्रोमीटरच्या शेपटीला छोटी मूठ असते. ती फिरवली की पुरेसा दाब झाल्यावर कट, कट, कट असं वाजतं. तीन कट झाले की वाचायचं. सोमवारी अकराच्या नमुन्याला मी दार बोटभर उघडं ठेवून बाहेर फळीला टेकलो, हातात एक फाइल घेतली आणि ऐकत राहिलो. या वयाला कुणाच्या दाराशी कान लावायचा म्हणजे लाजिरवाणंच.

पहिला बुश. खुर्ची करकरली, बुश दगडावर टणकन वाजला, मग घाईघाईने तीन कट. दुसरा तसाच. तिसरा तसाच, मधे तिचं खोकणं. मग खुर्ची वाजली नाही, बुशही वाजला नाही. नुसते तीन कट. सावकाश, मधलं अंतर अगदी सारखं. मग पाचवा बुश टणकन, खुर्ची, घाईचे तीन कट.

तर ती चौथा बुश मोजत होती. मला बरं वाटलं, पोरगी खोटं बोलत नव्हती. ती गेल्यावर मी आत गेलो आणि तो चौथा बुश मोठ्या यंत्रावर ठेवला. यंत्राचा आकडा आणि तिचा आकडा एकच निघाला. त्या दिवशीचे आठही चौथे बुश मी मोजले, आठही बिनचूक. असं माणसाला जमत नाही. मला जमत नाही. सगळ्या आकड्यांत बुश असतो आणि हात असतो, या आकड्यांत फक्त बुश होता.

मग मी दिनानाथचे तक्ते काढले. त्याचाही चौथा रकाना शून्य. जागृतीचा, शुभमचा, तोच प्रकार. गणपतीआधीच्या तक्त्यांत कुठेच नाही. मायक्रोमीटर बदलून पाहिला. खुर्ची बदलली. खोलीचा पारा तपासला. चौथ्या क्रमांकाचा बुश साच्याच्या एका ठरावीक बाजूने येत असेल म्हणून मी स्वतः बुश मिसळून दिले. ज्याला कुणी चौथं मोजलं, तो बिनचूक आला.

४

आमचे व्यवस्थापक ऋत्विक, वय तेहतीस, खारघरहून गाडी चालवत येतात. बुद्धीने चलाख आहेत आणि मला मान देतात, तेव्हा मी त्यांच्यापुढे सगळं मांडलं. त्यांनी तक्ते पाहिले, लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि खूश झाले.

"सर, ये तो अच्छा है ना. मोजण्यातला फरक कमी होतोय. पाचही असे आले तर ऑडिटला काय मस्त दिसेल."

मी म्हटलं, कारण कळल्याशिवाय चांगलं झालेलं मला चालत नाही. ते हसले. त्यांनी विचारलं, की तुम्ही इतकी वर्षं लोकांना जे शिकवत आलात तेच लोक करायला लागले, तर तुम्हाला त्रास कसला होतोय. चौथ्या आकड्यात माणूस नाही, असं मी म्हणालो असतो तर त्यांनी मला रजा घ्यायला सांगितलं असतं.

डिसेंबरात गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला यायची होती. दुसऱ्याच दिवशी सूचना लागली: नोव्हेंबरअखेर मोजणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा होईल. पंचवीस बुश, प्रत्येक आकडा मोठ्या यंत्राच्या आकड्याच्या एका मायक्रॉनच्या आत. जे पास होतील ते कंत्राटावर असतील तर कायम, कायम असतील तर पगारवाढ. परीक्षक मी. प्रणाली ती सूचना बराच वेळ वाचत उभी होती. तिचं शिक्षण बारावी आहे, सूचना चार ओळींची होती.

५

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. यंत्रं बंद, झेंडूच्या माळा, पेढे, आणि मोजमापाची सगळी साधनं धुऊनपुसून लाल कापडावर मांडायची. हळदकुंकू लावायचा मान दिनानाथचा. अठरा वर्षं तोच लावतो, आणि दरवर्षी हाताला तेल असल्यामुळे टिळे ओघळतात, एखादं साधन राहून जातं, त्यावरून आम्ही त्याची चेष्टा करतो.

या वर्षी चेष्टेला जागा राहिली नाही. नऊ साधनांवर नऊ टिळे, सगळे एकाच आकाराचे, एकाच जागी. पूजा आटपून लोक पेढ्यांकडे वळले, तेव्हा मी खिशातली पट्टी काढली. माझी खोडच ती. दोन टिळ्यांमधली आठ अंतरं मोजली. आठही सारखी.

दिनानाथची बायको जनी दरवर्षी पूजेला येते. चांगली बोलघेवडी बाई. तिनेच विषय काढला, की हल्ली यांना काय झालंय कळत नाही. भाकरीचे तुकडे करतात ते सगळे एवढे-एवढेच. पूर्वी कढी भुरकायचे, अंगावर सांडायचे, मी ओरडायचे. आता एक थेंब सांडत नाहीत. ती हसत सांगत होती, आणि मग हसायची थांबली.

"चांगलाच हाय हो," ती म्हणाली. "पन मला उगाच वाटतं का, पाव्हना आलाय घरात."

मी दिनानाथकडे पाहिलं. तो पेढे वाटत होता. मला त्याने नेहमीसारखं 'काय म्हणता, सर' म्हटलं, नेहमीच्याच आवाजात. जागेवर परतल्यावर मी त्याचे त्या आठवड्याचे तक्ते काढले. तीन मायक्रॉनचा आवळलेला हात पाचही रकान्यांतून गेला होता. महिनाअखेरपर्यंत जागृतीचे सम आकडे गेले, मग शुभमची जेवणाआधीची घाई गेली. तिघांचे आलेख माझ्यापुढे एकावर एक ठेवले तर कुणाचा कुठला ते सांगता आलं नसतं. तिघंही कामावर येत होते, डबे खात होते, विचारलं की बरं आहे म्हणत होते. फक्त प्रणालीचे चार रकाने अजून उबदार होते. आलेखांच्या त्या गठ्ठ्यात आता वेगळी दिसत होती ती तीच, आणि ऋत्विकसरांनी तिच्याच तक्त्यावर लाल गोल केला.

६

मी स्वतः मोजून बघायचं लांबवत होतो, हे कबूल करतो. शेवटी एका मंगळवारी दुपारी दोन वाजता, खोली रिकामी असताना, पाच बुश घेऊन बसलो.

माझाही हात आहे. चष्म्यामुळे मी आकडा किंचित तिरका वाचतो, एक मायक्रॉन कमी येतो. पहिला बुश मोजला, लिहिला. दुसरा, तिसरा. मी मुद्दाम प्रत्येक हालचाल मनात म्हणत होतो: बुश उचलला, मूठ फिरवली, वाचलं, लिहिलं. चौथा बुश उचलला, एवढं मी म्हणालो.

मग माझ्या हातात पाचवा बुश होता. चौथा मोजून झालेल्यांच्या रांगेत, सरळ ठेवलेला. चौथा आकडा कागदावर, माझ्याच अक्षरात. भिंतीवरचं घड्याळ एक मिनिट पुढे गेलेलं.

चोपन्नाव्या वर्षी असं होतं. मी माळ्यावर चढतो आणि का चढलो ते विसरतो. रस्ता कापतो आणि वाटेतलं गाव कधी गेलं कळत नाही. सवयीच्या कामात मन दुसरीकडे असतं, इतकंच. हे सगळं मी स्वतःला त्या खुर्चीत बसून सांगितलं आणि ते पटण्यासारखं होतं. पाचवा बुश मात्र मी मोजला नाही. हात सैल सोड, असं मी सत्तावीस वर्षांत किती जणांना सांगितलं असेल ते मनात मोजायला लागलो आणि मला भीती वाटली. खोलीतून निघालो. त्यानंतर मी मायक्रोमीटरला हात लावलेला नाही.

७

नोव्हेंबरात भातकापणीसाठी प्रणालीने तीन दिवस रजा घेतली. परत आली तेव्हा हाताला विळ्याचे ओरखडे होते आणि आकडे तीन मायक्रॉन जास्त. मला इतका आनंद झाला की मी तिला चहा पाजला.

तिला तो आनंद कळला नाही. परीक्षेला तीन आठवडे उरले होते, आणि परीक्षक आपल्याला काही शिकवत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. मी टाळत होतो. बुश मुठीत धरू नकोस, हे एक वाक्य मी तिला बोललो नव्हतो. उलट एकदा म्हणालो, तुझी मोजायची पद्धत आहे ती राहू दे. त्यावर ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"सर, बाकीच्यांचा येतोय, माझाच का न्हाय येत? तुमी मला शिकवत का न्हाय?"

मी विचारलं, चौथा बरोबर येतो तो कसा येतो, ते सांगशील? ती खाली बघत म्हणाली, "चौथ्याला मी नस्ते, सर. कुठं जाते ते म्हाईत न्हाय. पाचव्याला परत येते."

मी म्हणालो, मग पाचही बरोबर आले तर?

तिला मी काय म्हणतोय ते समजलं, असं मला आजही वाटतं. आठ तासांत आठ नमुने, आणि परीक्षेनंतर पुढची तीस वर्षं. "मला नोकरी पायजे, सर," ती म्हणाली. "बाबांची गोळी चालू हाय. बहिनीची शाळा हाय. आमाला दुसरा काय हाय?"

तिच्यासाठी दुसरीकडे शब्द टाकायचा मी प्रयत्न केला. रोह्याला एकाला फोन केला, माणगावला एकाला. बघू म्हणाले. आणि मी काय सांगणार होतो त्यांना, की मुलगी चांगली आहे, फक्त तिचे आकडे चुकतात?

८

परीक्षा अठ्ठावीस तारखेला दुपारी साडेतीनला होती. दिनानाथ, जागृती, शुभम सकाळीच झाले होते, पंचवीसपैकी पंचवीस. ऋत्विकसर माझी सही झालेला कागद न्यायला पाच वाजता येणार होते.

प्रणाली बसली. मी काचेच्या बाहेर उभा राहिलो, दार अर्धं उघडं. तिने पहिला बुश मुठीत धरला, सोडला, परत धरला. पहिले पाच झाले आणि तिने कागद दाखवला. चार चुकले होते. चारांत चुकली म्हणजे नापास. तिचा चेहरा उतरला. ती रडली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली.

त्या वेळी मी काय विचार केला ते मला नीट आठवतं, तेव्हा मी कुठेही गेलेलो नव्हतो. मी त्या वाडीतल्या घराचा विचार केला. गोळ्यांचा केला. आणि हेही मनात आलं, की चौथ्या बुशचं जे काही आहे त्याला माझ्याकडे नाव नाही, पुरावा नाही, आणि नोकरी मात्र खरी आहे. मी म्हणालो, हे पाच सरावाचे धर, नवीन कागद घे.

तिने घेतला.

"हात सैल सोड," मी म्हणालो.

ती वळली. बुश दगडावर टणकन वाजला, तो शेवटचा. नंतर कट, कट, कट. सावकाश. थांबून परत कट, कट, कट. खुर्ची वाजेना. मी घड्याळाकडे बघत मोजत होतो, दर बुशला तेवढीच सेकंदं. बारा-तेरा झाले असतील, मला राहवलं नाही म्हणून मी काचेतून आत पाहिलं.

प्रणाली खुर्चीत माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिचे केस सुटले होते. तोंडात रबर धरून, दोन्ही हात मागे नेऊन ती केस बांधत होती. परीक्षेत मुली करतात तसं, जरा ताणलेलं हसू तिच्या तोंडावर होतं, मला दिसावं म्हणून. तिच्या पाठीमागे टेबलावर कट झाला. मग कट. मग कट.

तिने रबर लावलं, भुवया उंचावून 'बरोबर चाललंय ना?' असं विचारलं. मी आत जायला हवं होतं. दार अर्धं उघडंच होतं, दोन पावलं होती. मी मान डोलावली. ती टेबलाकडे वळली आणि आकडा लिहायला वाकली.

पंचवीसपैकी पंचवीस. कागद मला देताना ती "थँक्यू सर" म्हणाली, स्पष्ट, न अडखळता. पाच वाजता मी सही केली.

९

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी बोर्लीला गेलो नाही, तळ्यातच राहिलो. सकाळी बाजारात भाजी घ्यायला गेलो तर कोपऱ्यावर प्रणालीची आई मनुबाई वालाच्या शेंगा घेऊन बसलेली. तिने मला ओळखलं, उठून उभी राहिली. पिशवी ओढून घेतली आणि नको म्हणत असताना दोन ओंजळी शेंगा घातल्या, वर आणखी एक मूठ. पैसे घेतले नाहीत.

तिने आधी आभार मानले. पोरगी कायम झाली, पगार आला, अंबाजीच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम आणल्या. धाकटीला दप्तर झालं. देव तुमचं भलं करो, वगैरे. मी पिशवीचं तोंड बांधत होतो. ती बोलायची थांबली, पण जागची हलली नाही.

"येक इचारू, सर? घरात समदा करते ती. भात वाढते, सगल्यांना येवढा-येवढाच. बा हाका मारतो तर व्हय म्हनते. धाकटी भांडायला जाते तिच्याशी, ती भांडत न्हाय. न्हायतर दोघींचा रोजचा होता. काय चुकतच न्हाय तिचा."

मी म्हणालो, मोठी झाली, जबाबदारी आली.

"तसाच आसल," मनुबाई म्हणाली. "मी इचारला, बाय तुला काय होतंय का? न्हाय म्हनाली. कंपनीत ट्रेनिंग हाय म्हनाली." तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "ट्रेनिंग कवा संपल, सर? संपला का मंग आमची पोरगी घरी येल ना?"

बाजारात माणसं होती. बाजूला एक जण नारळ सोलत होता. त्या बाईचे डोळे माझ्यावर होते, आणि मला तिला काहीतरी आकडा देणं भाग होतं.

"येईल," मी म्हणालो. "संक्रांतीपर्यंत."

तिचा चेहरा सुटला. ती परत खाली बसली आणि बोटांच्या पेरांवर संक्रांतीला किती दिवस राहिले ते मोजायला लागली. मधेच गिऱ्हाईक आलं, तिचं मोजणं चुकलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि पहिल्यापासून परत मोजायला लागली.